कोण कुणावर गेलं

११ नोव्हेंबर

चि. चिमटीस,

आशीर्वाद. तुझं पत्र येऊन पाच आठवडे झाले आणि मी आज लिहायला बसतोय, म्हणून आधी माफी मागतो. आजारी होतो असं लिहिणार होतो, पण तसं काही नव्हतं. गुडघा दुखतो, पण गुडघ्यानं कुणी लिहीत नाही. मधूनमधून कागद काढायचो, वर तारीख घालायचो आणि गिऱ्हाईक आलं की सुटल्यासारखं वाटायचं. अशा नऊ तारखा वाया गेल्या.

पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं. मी कुठेतरी कुलूप उघडून द्यायला गेलो होतो, म्हणून शेजारच्या घड्याळवाल्यानं घेऊन ठेवलं. पाकिटावर तुझं नाव वाचून तो रस्त्याच्या टोकापर्यंत मला सामोरा आला. आठ वर्षांत तुझं हे पहिलं पत्र, हे त्यालाही ठाऊक आहे. बाळ होणार आहे हे मी त्याला वाचून दाखवलं, तर म्हणाला, "आजोबा होणार म्हणजे आता दाढी वेळेवर करत जा. पोर घाबरायचं." मी हसलो. मग दिवसभर एकही किल्ली धड निघाली नाही.

पाचवा महिना म्हणजे जपायला हवं. जिने चढू नकोस. जावईबापूंना सांग, पाण्याची बादली त्यांनी उचलावी. मी त्यांना पाहिलेलं नाही, तरी एवढं सांगायचा हक्क मला आहे असं धरतो. फोन नंबर तू लिहिला नाहीस. विसरली असशील.

आता तू पत्रासोबत पाठवलेल्या दवाखान्याच्या त्या फॉर्मचं. तू लिहिलंयस, "बाबा, आईला नक्की काय झालं होतं ते लिहा. दादाचंही लिहा. नोव्हेंबरअखेरीला फॉर्म द्यायचा आहे." दोन रकाने होते, आईकडच्या नात्यात पिढीजात आजार आणि वडिलांकडच्या नात्यात पिढीजात आजार. दोन्हींत मी "नाही" लिहिलंय. काळी शाई संपली म्हणून निळ्यानं लिहिलं. चालत नसेल तर तू वरून गिरव.

तुझ्या आईच्या नसा अशक्त झाल्या होत्या, आणि ती मनाला फार लावून घ्यायची. दादा शिडीवरून पडून गेला, ते तुला कळवलं होतं. उशिरा कळवलं, पण कळवलं. शिडीवरून पडणं पिढीजात नसतं.

आणि तू तर सगळी माझ्यावर गेलीस. नाक माझं, कान माझे, उभं राहताना एक पाय सैल सोडायची खोडही माझी. आईवर गेला तो दादा. तेव्हा तू घोर करू नकोस.

पत्र तू टाइप केलंयस. सही तेवढी हाताची आहे. सही छान आहे.

तुझे,
बाबा


१९ नोव्हेंबर

चि. चिमटीस,

आधीचं पत्र मिळालं असेल. फॉर्म अजून दिला नसशील तर देऊ नकोस. दिला असशील तर परत मागून घे. म्हाताऱ्याची चूक झाली म्हणून सांग, त्यात खोटं काही नाही.

घाबरून जाऊ नकोस. मी आधी सगळं सांगतो, मग काय ते ठरव. आता हे पत्र तू उभ्यानं वाचत असशील तर बस.

आठ वर्षांपूर्वी त्या दिवशी तू न कळवता आलीस आणि मागच्या खोलीला बाहेरून पितळी कुलूप पाहिलंस. आत आई जमिनीवर बसली होती. "बाबा, तुम्ही आईला कुलूप लावलंत?" एवढंच तू विचारलंस. मी म्हणालो, "ती रस्त्यावर जाते, पडते, लोक हसतात." तू म्हणालीस, "लोक हसतात म्हणून?" तुझी पिशवी तू खाली ठेवलीच नव्हतीस, तशीच निघून गेलीस. जन्मभर लोकांची कुलपं उघडून दिली आणि घरात हे केलं. यावर मी काही बोलणार नाही. बोलण्यासारखं असतं तर आठ वर्षांत सुचलं असतं.

पण एक तुला माहीत नाही. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी ते कुलूप मी काढलं आणि तिला मोठ्या इस्पितळात नेलं. आधी कधी नेलं नव्हतं. हातपाय आपोआप हलायचे, भांडी पडायची, चालताना ती झुलायची, आणि मला वाटायचं की ती चोरून पिते. कितीदा तिचं तोंड हुंगलंय मी. ती तोंड उघडून दाखवायची, लहान मुलासारखं. तोंडाला लवंगेचा वास यायचा, बाकी काही नाही.

तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि आजाराचं नाव सांगितलं. हंटिंग्टन. त्यांच्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलं होतं, त्यावरून उतरवतोय. म्हणाले, हा आजार रक्ताच्या नात्यात उतरतो, तरुणपणी दिसत नाही, पस्तिशी-चाळिशीत डोकं वर काढतो, आणि त्यावर औषध नाही. मी विचारलं, "मुलांचं काय?" ते म्हणाले, "मुलांना निम्मी शक्यता."

हे शब्द मी घोकत घरी आलो. मुलं दोन. निम्मं म्हणजे एक. दोघांपैकी एकाला होणार. तुम्हा दोघांना मी तेव्हा सांगितलं नाही. तू बोलत नव्हतीस आणि दादा नुकता पाट्या रंगवायच्या कामाला लागला होता.

मग दादाला झाला. तुझ्यापर्यंत मी एवढंच पोचवलं की तो शिडीवरून पडला. त्याआधी दोन वर्षं त्याच्या हातून ब्रश निसटत होते. एकाला व्हायचा होता, त्याला झाला. म्हणजे तू सुटलीस. हा हिशेब मनाशी पक्का होता, म्हणून मी "नाही" लिहिलं. माझ्या समजुतीप्रमाणे ते खोटं नव्हतं.

पत्र टाकून आल्यावर घड्याळवाल्याला हे सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं आणि म्हणाला, "काका, माझ्या बहिणीला लागोपाठ चार मुली. पाचव्या खेपेला सगळा गाव सांगत होता, आता मुलगाच. अर्धे मुलगे अर्ध्या मुली असतात ना जगात? मग तिचं चार मुलग्यांचं येणं निघतं."

"मग?"

"पाचवी मुलगी. माझ्याच दुकानात येते शाळा सुटल्यावर. भारी हुशार आहे."

"तुझ्या भाचीचा इथं काय संबंध?"

"नसेल," तो म्हणाला. "पण मी तुमच्या जागी असतो तर डॉक्टरला पुन्हा विचारलं असतं, निम्मी म्हणजे कशी निम्मी."

तेव्हापासून जेवण जात नाही. गुरुवारी इस्पितळात जातोय. तोवर फॉर्म देऊ नकोस एवढंच.

बाबा


२२ नोव्हेंबर

चि. चिमटीस,

काल जाऊन आलो. जे कळलं ते तसंच्या तसं लिहितोय, म्हणजे माझ्या शब्दांमुळे पुन्हा घोटाळा नको.

पिढीजात आजार समजावून सांगणारी एक वेगळीच बाई तिथे बसते. डॉक्टर नव्हे. तिच्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि हातपुसण्या कागदांचा डबा. डबा माझ्या बाजूला सरकवलेला होता, ते पाहूनच माझी पाचावर धारण बसली. वय तुझ्याएवढं असेल. तिनं जुने कागद वाचले आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही काय काम करता?"

"किल्ल्या करतो."

"मग सोपं आहे," ती म्हणाली. "असं समजा की शरीरात हजारो कुलपं आहेत आणि प्रत्येक कुलपाच्या दोन किल्ल्या. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. मूल होतं तेव्हा आई आपल्या दोन्हींतल्या एकीची नक्कल त्याला देते. कुठली, ते तिच्या हातात नसतं. वडीलही तसंच करतात. म्हणजे मुलाकडे पुन्हा दोन."

मी म्हटलं, "बाई, एक वाकडी असली तरी दुसरीनं कुलूप उघडेल की. मी गिऱ्हाइकाला तेच सांगतो, एक जादा ठेवा."

"अगदी बरोबर. बऱ्याच आजारांत तसंच होतं. एक चांगली असली की भागतं. वाकडी गप्प पडून राहते. आईकडूनही वाकडी आली आणि वडिलांकडूनही वाकडी आली, तरच आजार दिसतो. म्हणून तो कधीकधी एक-दोन पिढ्या सोडून उगवतो. पण हा आजार त्यातला नाही. यातली वाकडी किल्ली कुलपात जाऊन अडकून बसते. मग चांगली हातात असून उपयोग काय?"

किल्ली अडकणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. मी मान हलवली. मग ज्यासाठी गेलो होतो ते विचारलं. म्हटलं, "माझ्या बायकोकडे एक चांगली होती, एक वाकडी. मुलं दोन. थोरल्यानं वाकडी घेतली. मग धाकटीला चांगलीच मिळाली असणार ना? वाटणीच झाली की ती."

माझ्या खिशात जुडगा असतो, तो मी सवयीनं टेबलावर काढून ठेवला होता. त्यातली एक किल्ली तिनं उचलली. "आजोबा, तुम्ही यंत्रावर नक्कल काढता तेव्हा मूळ किल्ली संपते का?"

"नाही."

"कुणाकडे जाते?"

"ज्याची त्याच्याकडे राहते."

"तसंच हे. ही वाटणी नाही, नक्कल आहे. थोरल्याला दिली म्हणून आईकडची वाकडी कमी झाली नाही. धाकटीच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून, त्याच दोन किल्ल्या, त्यातली कुठलीही एक. दोघांनाही चांगली मिळाली असती. दोघांनाही वाकडी मिळू शकते."

चाळीस वर्षं मी हेच काम केलं. खाचेला खाच लावून हजारो नकला काढल्या. मूळ किल्लीत खोट असेल तर यंत्र तीही इमानानं उतरवतं, हे मी लोकांना ऐकवत आलो. आणि हे साधं माझ्या टाळक्यात शिरलं नाही. मी त्याची शेतजमिनीसारखी वाटणी केली.

मी तरीही हट्टानं म्हणालो, "पण मुलगी सगळी माझ्यावर गेलीय. नाकडोळे बघाल तर माझेच."

"नाकाची किल्ली वेगळी, याची वेगळी," ती म्हणाली. "नाक वडिलांचं आलं म्हणजे बाकीचं सगळंही त्यांचंच आलं, असं नसतं. प्रत्येक जोडीचं नशीब बहुतेक स्वतंत्र असतं."

तेवढाच आधार होता, तोही गेला. तू जन्मलीस त्या दिवसापासून जो तो म्हणत आला, थोरला आईवर गेला, धाकटी बापावर गेली. दादा आईवर गेला हे लिहिताना आता हात थांबतो. चेहऱ्यानं गेला आणि शेवटीही तिच्याच वाटेनं गेला.

आता जे सांगायचं ते आजवर घड्याळवाल्यालाही सांगितलेलं नाही. दादाच्या रक्ताचा अहवाल आला त्या दिवशी तो आत डॉक्टरांशी बोलत होता आणि मी बाहेरच्या बाकावर होतो. आतून त्याचा आवाज ऐकला आणि मला कळलं. आणि चिमटे, मला हायसं वाटलं. एका लेकराचं ऐकून दुसऱ्यासाठी हायसं वाटलं. तो बाहेर आला तेव्हा ते माझ्या तोंडावर असणार, कारण तो माझ्याकडे बघत राहिला.

घरी जाताना मी त्याला निम्म्याचं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे चिमटी सुटली?" मी हो म्हणालो. "लहानपणी माझ्या ताटातलं सगळं पळवायची. हे बरं राहिलं माझ्या ताटात." आणि हसला. मला म्हणाला, "तिला कळवू नका. तिचा यात काही संबंध उरला नाही. उगाच रडेल." शेवटपर्यंत तो हेच धरून होता. अंग फार हललं की म्हणायचा, "दोघांचं नाचतोय मी." त्याला शिडीवर चढायला बंदी होती. त्या दिवशी मी दुकानात असताना तो चढला. का चढला ते मी कुणाला विचारलेलं नाही, स्वतःलाही नाही.

ज्या गोष्टीवर त्यानं दोन वर्षं काढली, ती खरी नव्हती. मीच त्याला दिली होती.

तुझ्यासाठी बाईनं जे सांगितलं ते नीट वाच. तुझ्याकडे वाकडी आहे की नाही हे रक्त तपासून कळू शकतं. तपासायचं की नाही, हे तूच ठरवायचं. बाई म्हणाली, काही लोकांना कळून घ्यायचं असतं, काहींना नसतं, दोन्ही बरोबर, आणि बापानं त्यात पडायचं नाही. तुझ्याकडे नसेल तर बाळाकडे येऊच शकत नाही. मध्ये लपून पुढे येण्याची याची रीत नाही. तुझ्यापाशीच ते संपलं. तुझ्याकडे असेल तर बाळाला पुन्हा निम्मी, आणि हे निम्मं कसलं ते मला आता कळलंय. तुमच्याकडेही अशी समजावणारी माणसं असतात, फॉर्म देताना विचार. एकटी जाऊ नकोस. जावईबापूंना घेऊन जा.

तशाच रकान्यांचा इस्पितळातला कोरा फॉर्म मला बाईनं दिला. तो भरून सोबत पाठवतोय. आईच्या रकान्यात आजाराचं नाव आहे, दादाचंही नाव आहे. शाई काळी आहे.

बाबा


३० नोव्हेंबर

चि. चिमटीस,

आज महिना संपला. तुझ्याकडून काही आलं नाही. यायलाच हवं असं मी म्हणत नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की घड्याळवाला त्याला लांबूनच विचारतो आणि माझ्याकडे बघून मान हलवतो. आता तर पोस्टमनच आधी हलवतो.

एक राहिलं होतं. तुझ्या पहिल्या पत्राला पाच आठवडे का लागले, ते खरं सांगितलं नाही.

तुला आठवत असेल, दुकानातल्या किल्ल्यांना बांधायच्या चिठ्ठ्या आईच लिहायची. "मागचं दार", "कपाट वरचं", "शाळेचं फाटक". माझं अक्षर गिऱ्हाइकाला लागायचं नाही, तिचं छापल्यासारखं. लहानपणी तू खाली सांडलेल्या बारीक खिळ्या बोटांच्या चिमटीनं वेचून द्यायचीस आणि ती शेजारी बसून चिठ्ठ्या लिहायची. न नेलेल्या किल्ल्यांच्या चिठ्ठ्या मी कधी टाकल्या नाहीत. तुझं पत्र आलं त्या दिवशी खण उपसला आणि सगळ्या टेबलावर वर्षांप्रमाणे लावल्या. तू चौदा वर्षांची होतीस त्या वर्षापासून "दार"मधला काना लांबत जातो. नंतर तो रेघेखाली उतरतो. नंतर फुटतो. हातपाय हलायच्या कितीतरी आधी सगळं तिथे लिहिलेलं होतं. मी तेव्हा काय म्हणालो होतो तेही आठवलं. "कोंबडी नाचवलीस का कागदावर?" तिनं ती चिठ्ठी फाडून दुसरी लिहिली होती. तीही तशीच आली.

मग मी तुझी सही भिंगाखाली धरली. पाच आठवडे रोज धरत होतो. शेवटच्या अक्षराची रेघ जरा खाली गेलीय. घाईत केली असशील. टेबल हलत असेल. तू नेहमीच तशी करायचीस की काय, हे ताडून बघायला तुझी जुनी वहीसुद्धा माझ्याकडे नाही, जाताना सगळ्या नेल्यास. पत्रात मी "सही छान आहे" लिहिलं, ते असं बघून लिहिलं होतं. बापानं लेकीचं पहिलं पत्र असं वाचलं.

बाई म्हणाली होती, कळून घ्यायचं की नाही हे तुझ्या हातात. आणि मी तर तुला न विचारता तपासायला बसलो होतो. हेही कुलूप लावण्यातलंच झालं.

म्हणून आज भिंग घड्याळवाल्याकडे देऊन आलो. तो म्हणाला, "काका, याशिवाय तुम्हाला खाच दिसणार कशी? दुकान काय आता नावापुरतं उघडणार?" मी म्हटलं, दिसत नाही तर नाही. मी मागितलं तरी देऊ नकोस. त्यानं ते आपल्या खणात टाकलं, खणाला माझंच कुलूप लावलं आणि किल्ली मला न देता खिशात घातली. फार हसला नाही.

तू तपासणी केलीस का, काय निघालं, हे मी विचारत नाही. सांगायचं नसेल तर कधीच सांगू नकोस. तू कशी आहेस, बाळ हलतं का, रागावली असशील तर किती, एवढं लिही. दोन ओळी लिही. टाइप करू नकोस. तुझं पत्र आता मला वाचायचं आहे, बघायचं नाही. लवकर पाठव, आणि अक्षर जरा मोठं काढ, भिंगाशिवाय लागेल एवढं.

तुझे,
बाबा